गॅरेजमधून आलेली गाडी पुन्हा रुसली? मग रॉबर्ट बॉशची ही गोष्ट वाचाच

गणपतीच्या आधी दोन महिने पेण तालुक्यातल्या हमरापूरला चक्कर मारा. हमरापूर, शेजारचं जोहे, पलीकडचं कळवे, जिकडे बघाल तिकडे गणपतीचे कारखाने. एका शेडमध्ये रंगकाम, दुसऱ्या शेडमध्ये डोळ्यांची आखणी, आणि बाहेर चिखलात मूर्ती न्यायला आलेले टेम्पो. मुंबई-गोवा महामार्ग जवळच. वर धो धो पाऊस.

आता समजा, असाच एक टेम्पो मूर्ती भरून उभा आहे. आदल्याच दिवशी त्याची क्लचप्लेट बदलून आणलीये. ड्रायव्हर चावी फिरवतो. सेल्फ कुरकुरतो, इंजिन कसंबसं अर्धा फेरा घेतं आणि थांबतं. बॅटरी नवी आहे. हेडलाईट लख्ख पेटतोय. कालपर्यंत सेल्फ एका झटक्यात घ्यायचा. बरं, गॅरेजवाल्यानं काम केलं क्लचचं, वायरिंगला तर हातही लावला नाही. मग बिघाड आला कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शेवटी बघू. त्याआधी त्या टेम्पोच्या फ्यूजबॉक्सचं झाकण उघडा. आत काळ्या डब्या दिसतील, त्यांना रिले म्हणतात. एखादी रिले उपसून तिच्या पिना बघा. बहुतेक वेळा तिथं ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले सापडतील. पेणचा वायरमन असो, पुण्याचा असो की बर्लिनचा, या आकड्यांचा अर्थ सगळ्यांना एकच लागतो. ३० म्हणजे बॅटरीतून थेट आलेली वायर, ८५ आणि ८६ म्हणजे रिलेतली कॉईल, ८७ म्हणजे पुढे दिव्याकडे किंवा हॉर्नकडे जाणारी वायर. जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून आलेली ही भाषा आहे.

गाडीच्या विजेची भाषा जर्मनीतून का आली, हे समजायचं तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. त्याचं नाव रॉबर्ट बॉश.

खानावळवाल्याचं अकरावं पोर

२३ सप्टेंबर १८६१. दक्षिण जर्मनीत उल्म शहराजवळ आल्बेक नावाचं खेडं. तिथं रॉबर्टचा जन्म झाला. बारा भावंडांत याचा नंबर अकरावा. वडिलांची खानावळ होती, सोबत शेती. घर खाऊनपिऊन सुखी होतं आणि वडील शिकलेले, मोकळ्या विचारांचे होते.

शाळेत रॉबर्टचं मन फारसं रमलं नाही. मग वडिलांनी त्याला उल्ममध्ये एका कारागिराकडे बारीक यंत्रकाम शिकायला घातलं. साल १८७६. पण उस्तादाचं दुकानात लक्षच नसायचं. शिकवणं राहिलं बाजूला, पोरं आपापल्या बुद्धीनं काहीतरी खुडबुड करत बसायची. ही तीन वर्षं वाया गेल्याची सल बॉशला आयुष्यभर राहिली. पुढे १९१३ मध्ये त्यानं स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग काढला, त्यामागं ही सल होती.

शिकून झाल्यावर गडी भटकला. जर्मनीतल्या वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये कामं केली. मध्येच स्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयात काही महिने जाऊन बसला. डिग्री घ्यायची नव्हती. पण वीज, दाब, प्रवाह या शब्दांची जी धास्ती होती ती त्याला घालवायची होती. आजही अनेक चांगले मेकॅनिक वायरिंग म्हटलं की हात मागे घेतात, त्यांना ही धास्ती ओळखीची वाटेल.

१८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथं थॉमस एडिसनच्या कारखान्यात काम केलं. परत येताना इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कंपनीत थांबला. विजेच्या जगातली त्या काळची मोठी नावं त्यानं कामगार म्हणून आतून पाहिली.

सायकलवरून फिरणारा मिस्त्री

१५ नोव्हेंबर १८८६. स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या बाजूला बॉशनं स्वतःचं वर्कशॉप उघडलं. वय २५. भांडवल १०,००० मार्क, तेही वडिलांच्या वारशातून आलेले. माणसं किती? एक मेकॅनिक आणि एक निरोप्या पोरगा.

काम मिळेल ते. कुणाच्या घरी विजेची घंटी बसव, कुणाचा टेलिफोन जोड, कुणाचं यंत्र दुरुस्त कर. १८९० मध्ये त्यानं सायकल घेतली. त्या काळी सायकल ही चैन होती, पण बॉशला ती वेगळ्या कारणासाठी हवी होती. गावभर पसरलेल्या गिऱ्हाइकांकडे जाऊन काम नीट झालंय की नाही हे त्याला बघता यायचं.

विजेच्या कामाची गंमतच अशी आहे. सुतारानं दार वाकडं बसवलं तर लगेच दिसतं. विजेची जोडणी ढिली राहिली तर त्या दिवशी घंटी वाजते आणि आठ दिवसांनी बंद पडते. मिस्त्री तर पैसे घेऊन गेलेला असतो. त्यामुळे काम संपल्यावर पुन्हा तपासणं हा या धंद्यातला अर्धा धंदा आहे. बॉशनं हे पहिल्या पाच वर्षांत ओळखलं.

धंदा मात्र रडतखडत चालला होता. १८९० नंतर मंदी आली, बहुतेक सगळी माणसं कमी करावी लागली. आई कर्जाला जामीन राहिली म्हणून दुकान वाचलं.

ठिणगीचा धंदा

तरीही एक वस्तू त्याला हळूहळू वर काढत होती. तिचं नाव मॅग्नेटो.

इंजिनमध्ये इंधन आणि हवा यांचं मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. त्या काळी बॅटऱ्या बेभरवशाच्या होत्या. मॅग्नेटोला बॅटरीच लागत नाही. लोहचुंबकाच्या मध्ये तारेचं वेटोळं हललं की वीज तयार होते, सायकलच्या डायनमोसारखं. बॉशकडे एका गिऱ्हाइकानं आपल्या एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी असं यंत्र मागितलं होतं. बॉश आधी दुसऱ्या गावी जाऊन तसं एक यंत्र बघून आला, त्यावर पेटंट नाही याची खात्री केली आणि १८८७ मध्ये त्यात सुधारणा करून स्वतःचं बनवलं.

मोटारगाड्यांना मात्र ते चालेना. एका जागी बसवलेली इंजिनं सावकाश फिरायची. गाडीचं इंजिन पळायचं. १८९७ मध्ये इंग्लंडहून फ्रेडरिक सिम्स नावाच्या माणसानं द दियों-बुतों कंपनीची एक तीनचाकी मोटार बॉशकडे पाठवली. तिचं इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे घ्यायचं. जुन्या मॅग्नेटोतलं जड वेटोळं इतक्या वेगानं हलणं शक्यच नव्हतं.

तोडगा काढला बॉशच्या कारखान्यातल्या आर्नोल्ड झेरिंगर या फोरमननं. जड वेटोळं हलवायचंच नाही, ते स्थिर ठेवायचं आणि त्याच्याभोवती एक हलकी धातूची नळी हलवायची. गाडी पळाली.

तरी एक दुखणं उरलंच होतं. या मॅग्नेटोला ठिणगी पाडायला इंजिनच्या आत दोन टोकं एकमेकांपासून झटक्यात तोडावी लागायची. त्यासाठी दांडे, स्प्रिंगा, सांधे असा सगळा पसारा. झिजणारा, आणि इंजिन उघडलं की पुन्हा जुळवून घ्यावा लागणारा. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड या बॉशच्या इंजिनिअरनं हा पसाराच काढून टाकला. त्यानं जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो बनवला आणि सोबत स्पार्क प्लग. आता हलणारे सांधे नाहीत, एक वायर आणि एक प्लग.

बॉश कंपनीचा आजचा लोगो आठवा. गोलाच्या आत इंग्रजी एचसारखी आकृती. ती आकृती म्हणजे मॅग्नेटोच्या आतला तो भाग, ज्यावर तार गुंडाळतात. हा लोगोही होनोल्डनंच १९१८ मध्ये काढला. गॅरेजच्या पाटीवर, वायपरच्या खोक्यावर आपण रोज बघतो ते चित्र मुळात ठिणगीच्या यंत्राचं आहे.

लाल बॉश

मॅग्नेटोनं बॉशला श्रीमंत केलं. १९०६ मध्ये कारखान्यातून एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी बॉशनं कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. जगभर दहा-दहा, बारा-बारा तास राबवून घेण्याचा तो काळ. बाकीचे कारखानदार त्याला लाल बॉश म्हणून चिडवायचे. त्याचं गणित सरळ होतं. थकलेल्या माणसाच्या हातून बारीक काम चुकतं, आणि चुकलेला मॅग्नेटो गिऱ्हाइकाचा विश्वास घेऊन जातो. पैसा गेला तरी चालेल, विश्वास जाता कामा नये, हे त्याचं धोरण होतं आणि ते तो हिशोबाच्या वहीतही पाळायचा.

सगळं गोड नव्हतं. १९१३ मध्ये त्याच्याच कारखान्यात मोठा संप झाला. कामगारांची बाजू घेणाऱ्या मालकाला तो फार लागला.

पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. कंपनीच्या विक्रीतला बहुतेक वाटा परदेशातून यायचा, तो एका फटक्यात तुटला. अमेरिकेतली मालमत्ता जप्त झाली. कारखाना मग युद्धाच्या ऑर्डरींवर चालला, नफाही झाला. तो पैसा खिशात घालणं बॉशला पटेना, म्हणून नेकर नदीच्या कालव्यासाठी आणि इतर लोकोपयोगी कामांसाठी त्यानं कोट्यवधी मार्क देऊन टाकले. १९२१ मध्ये त्याचा तरुण मुलगा आजारानं गेला. ज्याच्या हाती कंपनी द्यायची होती, तोच राहिला नाही.

चांगला माल, वाईट जोडणी

आता गोष्ट आपल्या टेम्पोच्या जवळ येते.

१९१० च्या दशकात गाडीत विजेचा पसारा वाढू लागला. १९१२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं बनवलेला इलेक्ट्रिक सेल्फ कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारणं सुटलं. १९१३ मध्ये बॉशनं हेडलाईट, डायनमो, रेग्युलेटर आणि बॅटरी असा पूर्ण संच विकायला काढला. मग १९२१ मध्ये हॉर्न, १९२६ मध्ये वायपर, १९२७ मध्ये डिझेलचा पंप.

पूर्वी गाडीत विजेचं काम एकच होतं, ठिणगी. आता डझनभर कामं झाली आणि सगळ्यांची वीज एकाच बॅटरीतून येऊन गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत बॅटरीला जायची. म्हणजे एक नट ढिला राहिला तर भलत्याच ठिकाणी दिवा मंद व्हायचा. त्या काळच्या लोहाराला, घोडागाडीच्या मिस्त्रीला हे कळणार कसं?

१९२१ मध्ये हॅम्बुर्गला बॉशच्या नावानं पहिलं सर्व्हिस केंद्र सुरू झालं. तिथं शिकवून तयार केलेली माणसं पार्ट बसवायची, तपासायची, दुरुस्त करायची. पुढे अशी केंद्रं जगभर पसरली. पार्ट विकून मोकळं होणं सोपं होतं. पण वाईट जोडलेला चांगला पार्टही रस्त्यात दगा देतो आणि शिव्या पार्ट बनवणाऱ्याला पडतात. सायकलवरून गिऱ्हाइकांकडे फिरणारा मिस्त्री साठीला आला होता, तेव्हा त्याच्या कंपनीनं तेच काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं होतं.

शेवटची वर्षं

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉश लोकशाहीवादी होता, जर्मनी आणि फ्रान्सचं सख्य व्हावं म्हणून त्यानं पैसा आणि वेळ घातला होता. त्यानं आणि त्याच्या जवळच्या सहकाऱ्यांनी छळ झालेल्या ज्यू लोकांना मदत केली, हिटलरविरोधी गटातल्या कार्ल गोर्डेलरला कंपनीचा सल्लागार म्हणून आसरा दिला. पण दुसरी बाजूही खरी आहे. त्याच कंपनीनं नाझींच्या सैन्यासाठी माल बनवला आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यांत वेठबिगारांना राबवलं गेलं. बॉशचं चरित्र सांगताना हे पान फाडता येत नाही.

१९४० मध्ये त्यानं स्टुटगार्टला रुग्णालय काढलं. १२ मार्च १९४२ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी तो गेला. ज्या राजवटीचा त्याला तिटकारा होता, तिनंच त्याला सरकारी इतमामात निरोप दिला. पुढे त्याच्या इच्छेला धरून कंपनीचे बहुतेक शेअर एका धर्मादाय संस्थेकडे गेले. आजही नफ्यातून मिळणारा तिचा वाटा आरोग्य, शिक्षण अशा कामांना जातो.

भारतात कंपनीचा माल १९२२ पासून कोलकात्यात विकला जात होता. १९५१ मध्ये बंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली मायको, सुरू झाली. नंतर तिचा कारखाना नाशिकला सातपूरमध्येही आला. २००८ मध्ये मायकोचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण नाशिककर आजही मायको सर्कल असंच म्हणतात.

आणि १९८६ मध्ये, स्टुटगार्टच्या त्या छोट्या वर्कशॉपला १०० वर्षं होत असताना, बॉश कंपनीनं कॅन बस नावाची पद्धत जगापुढे मांडली. गाडीतले छोटे संगणक दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती हीच. म्हणून आजच्या गाडीत कुठलं तरी एक कपलर नीट बसलं नाही तर मीटरवर एकदम चार-पाच दिवे लागतात. चार पार्ट एका दिवशी जळत नाहीत. चौघांचा निरोप एकाच ठिकाणी अडकलेला असतो.

आता त्या टेम्पोचं काय?

चला परत हमरापूरला. सेल्फ कुरकुरतोय, हेडलाईट लख्ख आहे.

पहिली खूण हेडलाईटचीच. सेल्फ मारताना हेडलाईट एकदम मंद झाला असता तर बॅटरी उतरली असण्याची शक्यता होती. इथं दिवा मंद होत नाही आणि तरी सेल्फला ताकद मिळत नाही. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा पोचून परत येत नाही.

दुसरी खूण कामाची. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अनेक गाड्यांत गिअरबॉक्स किंवा इंजिनला एक जाड पट्टी बोल्टनं लावलेली असते, जी चेसीला जोडते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. सेल्फची सगळी वीज त्या पट्टीतून बॅटरीकडे परतते. गिअरबॉक्स चढवताना ती लावायची राहिली, किंवा गंजावर, रंगावर तशीच आवळली, तर नवी बॅटरीही काही करू शकत नाही. मग वीज मिळेल त्या वाटेनं परतते. कधी कधी अॅक्सिलरेटरची किंवा गिअरची केबलच गरम लागते.

वायरिंगला हात लावला नव्हता, हे खरं. पण वायरिंगच्या वाटेत हात गेला होता.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर पट्टी शोधा, घासा, आवळा.

दुरुस्तीनंतर बिघाड आला की हा क्रम लक्षात ठेवा.

१. काय काम झालं ते नीट विचारा. कुठला भाग उतरवला, वाटेत काय काय सोडवलं? शोध तिथूनच सुरू करा.

२. आधी डोळ्यांनी बघा. कपलर अर्धवट बसलाय का, पिन वाकलीये का, वायर ब्रॅकेटखाली चेपलीये का, बॅटरीचं टर्मिनल हातानं हलतंय का?

३. मग मोजा. बंद गाडीत चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास आकडा हवा.

४. पार्ट सगळ्यात शेवटी बदला. न मोजता बदललेला पार्ट म्हणजे पैसे घालून लावलेला अंदाज.

५. बॅटरी काढून लावली असेल तर घड्याळ, रेडिओ, काचांची ऑटो सेटिंग विसरणं हा बिघाड नसतो. त्या पुन्हा शिकवाव्या लागतात.

६. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा घालू नका. फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला घरी हात लावू नका.

कोकणात यात आणखी एक भर पडते. पाऊस आणि खारी हवा. काल कोरड्यात चकचकीत दिसणारा सांधा चार दिवसांत हिरवा पडतो. म्हणून अर्थिंगचा बोल्ट आवळण्याआधी खालची जागा पॉलिश पेपरनं घासणं आणि नंतर वरून ग्रीसचा हात फिरवणं, हे पाच मिनिटांचं काम इथं जास्त मोलाचं.

रॉबर्ट बॉश हमरापूरचे गणपती बघायला कधी आला नाही. पण स्टुटगार्टमध्ये सायकल टेकवून, काल बसवलेली घंटी आज वाजतेय ना हे बघणाऱ्या त्या मिस्त्रीची सवय उचलण्यासारखी आहे. गाडी गॅरेजमधून नेताना तिथंच दोनदा सेल्फ मारा, सगळे दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न लावून बघा आणि मगच पैसे द्या. बाप्पा गाडीत बसल्यावर महामार्गावर थांबण्यापेक्षा ते कधीही बरं.